दम छातीत लागतो, बळ मांडीतून जाते

फुप्फुसांच्या जुनाट संसर्गाने त्रासलेला माणूस पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसतो, तेव्हा तो खोकल्याबद्दल बोलतो, बेडक्याच्या रंगाबद्दल बोलतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही हे सांगतो. त्याचे सगळे ऐकून झाल्यावर मी विचारते, की गेल्या वर्षभरात तुम्ही कोणकोणती कामे करायची सोडून दिलीत? मग जी उत्तरे येतात ती नीट ऐकण्यासारखी असतात. खानापूरकडचा शेतकरी सांगतो, की भाताच्या खाचरात वाकून उठणे जमेनासे झाले आहे. वडगावचा विणकर सांगतो, की माडीवर झोपायला जाणे बंद करून तो आता खाली सोप्यातच अंथरूण टाकतो. निपाणीकडच्या एका मावशींनी सांगितले, की बसची पहिली पायरी चढता येत नाही म्हणून लेकीकडे जाणेच सोडले. कर्नाटकात २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेखाली बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि तिकिटाची अडचण राहिली नाही. पण ती पहिली पायरी चांगलीच उंच असते, आणि एका पायावर सगळे शरीर उचलून घेण्याइतके बळ मांडीत उरले नसेल, तर मोफत प्रवास मावशींच्या कामाला येत नाही.

मी बेळगावात छातीच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, त्यामुळे पावसाळ्यात ओल धरणारी घरे, चुलीचा धूर आणि त्यात खोकणारी वडीलधारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या भागातल्या कितीतरी वयस्क बायांना फक्त मराठी वाचता येते, आणि दवाखान्यातून त्यांच्या हातात पडणारे माहितीपत्रक बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. औषधांच्या वेळा कोणीतरी समजावून सांगतो; व्यायामाचे मात्र सांगायचे राहून जाते, कारण तो महत्त्वाचा आहे असे सांगणाऱ्यालाच अनेकदा वाटत नसते. म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते आहे.

ज्या आजारांविषयी मी बोलते आहे त्यांत ब्राँकिएक्टेसिस हा प्रमुख. यात श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि कफ वर ढकलण्याची त्यांची क्षमता जाते. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे दाह होतो, दाहामुळे नलिका आणखी खराब होतात आणि कफ आणखी साचतो. ब्रिटिश डॉक्टर पीटर कोल यांनी १९८६ साली याचेच दुष्टचक्र म्हणून वर्णन केले, आणि आजही उपचारांची मांडणी याच कल्पनेभोवती होते. आपल्या देशात या आजाराचे सर्वांत मोठे कारण जुना क्षयरोग आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१९ साली भारतातील ३१ केंद्रांवरच्या २,१९५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यात ३५.५ टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ क्षयरोगात सापडले. म्हणजे सहा महिन्यांची औषधे पूर्ण घेऊन, बेडका तपासून ‘बरे झाले’ असे सांगितलेली माणसे पुढे वर्षानुवर्षे खोकत राहतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूची धूळ खाल्लेले, तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या सुपापुढे आयुष्य गेलेले, चुलीपुढे बसून डोळे आणि छाती दोन्ही बिघडलेले असे अनेक जण यात असतात, आणि एकाच छातीत दोन-तीन कारणे एकत्र आलेलीही पाहायला मिळतात.

आता मुद्द्याकडे येते. आजार फुप्फुसांचा असताना मांडीचे स्नायू का झिजतात?

सर्वांत मोठे कारण म्हणजे वापर थांबणे. चालले की दम लागतो, दम लागला की भीती वाटते, भीती वाटली की माणूस बसतो. सुरुवातीला चढण टाळली जाते, मग बाजार टाळला जातो, मग अंगणही टाळले जाते. स्नायू किती लवकर उतरतात याचा अंदाज आपल्याला नसतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले होते, तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ १ किलो स्नायू कमी झाला. ही धडधाकट माणसे होती. ताप, जंतुसंसर्ग आणि तुटलेली भूक सोबत घेऊन जो माणूस दोन आठवडे पडून राहतो, त्याच्या पायांचे काय होत असेल याचा विचार करावा.

दुसरे कारण शरीरातला सततचा दाह. फुप्फुसात जंतू ठाण मांडून बसले की त्यांच्याशी लढण्यासाठी तयार होणारी रसायने रक्तातून सगळीकडे फिरतात, भूक मारतात आणि स्नायूंतली प्रथिने मोडण्याचा वेग वाढवतात. त्यात श्वास घेण्यासाठीच जास्त ऊर्जा खर्च होते, आणि जेवताना धाप लागते म्हणून ताट अर्धे राहते. वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असतील तर त्यांचा परिणामही नेमका मांडी आणि खांद्याजवळच्या मोठ्या स्नायूंवर होतो. रक्तात ऑक्सिजन कमी राहत असेल तर तेही एक कारण ठरते.

पण मला रुग्णांना सर्वांत आग्रहाने सांगायची असते ती गोष्ट याच्या पुढची आहे. दुबळा झालेला स्नायू काम करताना लवकर लॅक्टिक आम्ल तयार करतो. ते निस्तरताना शरीरात जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसांना जास्त श्वास ओढावा लागतो. म्हणजे मांडी दुबळी झाली की तेवढेच अंतर चालायला फुप्फुसांवर अधिक भार पडतो, आणि रुग्णाला वाटते की छातीचा आजार वाढला. उलट मांडीचा स्नायू तयार झाला की तेच अंतर चालताना फुप्फुसांकडून होणारी मागणी कमी होते. एक्स-रे जसाच्या तसा राहतो, फुंकर मारून करायच्या तपासणीचे आकडे फारसे हलत नाहीत, पण माणूस बाजारातून पिशवी घेऊन घरी येतो. रुंदावलेली श्वासनलिका पूर्ववत होत नाही. झिजलेला स्नायू मात्र साठीनंतरही परत भरतो. ज्या भागात सुधारणा खात्रीने होऊ शकते त्या भागाकडे कोणीच पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निपाणीकडच्या त्या मावशींचेच उदाहरण घेते. मी त्यांच्या पायांकडे पाहायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्याडम, छातीचं बघा की, पायाचं काय बघतायसा?” मी त्यांना हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसवले, दोन्ही हात छातीवर घडी घालून घ्यायला सांगितले आणि हाताचा आधार न घेता उठून दाखवा म्हटले. पहिल्या खेपेला त्या पुढे झुकल्या, टाचा जमिनीवरून सुटल्या, आणि अर्ध्यावर येऊन पुन्हा खाली बसल्या. दुसऱ्या खेपेला उठल्या, पण उठताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे वळले होते आणि नजर मला धरायला शोधत होती. त्या वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९५ होता. ऑक्सिजन पुरेसा होता आणि तरीही उठता येत नव्हते. त्यांच्या सुनेने तो आकडा पाहिला आणि मला काय म्हणायचे आहे ते तिला लगेच कळले.

ही उठण्याची चाचणी फार सोपी आणि फार उपयोगी आहे. पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार स्नायूंची कार्यक्षमता कमी समजली जाते. हाताची पकड मोजण्याचे एक लहान यंत्र असते. त्यावर पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली आणि स्त्रीची १८ किलोच्या खाली असेल तर ताकद कमी धरतात. चालण्यासाठी सहा मिनिटांची चाचणी असते. शक्यतो ३० मीटरच्या सरळ सपाट पट्ट्यात रुग्णाला त्याच्या गतीने चालायला सांगायचे, थांबावेसे वाटले तर थांबू द्यायचे, आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्यात ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तर ती खरी सुधारणा मानायची. या चाचण्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत, लागतो तो एक मोकळा व्हरांडा आणि दहा मिनिटांचा वेळ.

युरोपीय श्वसनविज्ञान संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ब्राँकिएक्टेसिस असलेल्या आणि चालण्याची क्षमता घटलेल्या प्रौढांसाठी पल्मनरी रिहॅबिलिटेशनची, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या कार्यक्रमाची, ठाम शिफारस आहे. हा कार्यक्रम साधारणपणे ६ ते ८ आठवडे चालतो. त्यात चालणे असते, स्नायूंना बळ देणारे व्यायाम असतात आणि कफ काढण्याचे शिक्षण असते. यांपैकी एक घेऊन बाकीचे सोडले तर फायदा अपुरा राहतो, आणि आमच्याकडे नेमके चालणे तेवढे सांगितले जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर किंवा नेब्युलायझर घ्यायचा, मग कफ काढायचा, आणि छाती मोकळी झाल्यावर व्यायाम करायचा. कफ काढताना जोरजोरात खोकत बसल्याने माणूस थकतो आणि नलिका मिटतात. त्याऐवजी काही शांत श्वास, मग फासळ्या फुलवणारे काही खोल श्वास, आणि मग आरशावर वाफ धरावी तसे तोंड गोल उघडून श्वास बाहेर टाकायचा, असा क्रम दोन-तीनदा केला की कफ वर येतो आणि एका छोट्या खोकल्यात बाहेर पडतो. कफ पडल्यानंतरचे चालणे आणि कफ असतानाचे चालणे यांतला फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी जाणवतो.

चालण्याचा वेग अंदाजाने ठरवू नये. समजा सहा मिनिटांत ३०० मीटर झाले, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. त्याच्या ८० टक्के म्हणजे मिनिटाला ४० मीटर या गतीने सुरुवात केली तर दहा मिनिटांत ४०० मीटर होतात. सलग जमत नसेल तर दोन मिनिटे चालून एक मिनिट थांबावे. थांबून थांबून केलेल्या व्यायामानेही स्नायू तयार होतात. दम किती लागावा यासाठी शून्य ते दहा अशी पट्टी वापरतात, त्यावर ३ ते ४च्या आसपास दम लागला पाहिजे. सोप्या भाषेत, वाक्य तोडून बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. अजिबात दम न लागता केलेल्या फेऱ्यांनी मन रमते, स्नायू वाढत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दम लागणे म्हणजे अपाय होणे अशी समजूत घरोघरी पक्की बसली आहे आणि ती निघाल्याशिवाय पुढचे काही होत नाही.

बळाच्या व्यायामाला आपल्याकडे परके मानण्याचे कारण नाही. बेळगावच्या तालमींत जोर-बैठकांवर पिढ्या घडल्या, आणि खुर्चीवरून उठणे-बसणे हे बैठकेचेच सौम्य रूप आहे, हे सांगितले की आजोबांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू येते. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची, उठताना श्वास सोडायचा, बसताना सावकाश बसायचे. एका खेपेला ८ ते १२ वेळा, अशा एकापासून तीन खेपा, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. बारा वेळा सहज होऊन वर दोन जास्त होऊ लागले, की उशी काढायची. तेही सोपे झाले, की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्यायच्या. घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणे, उंबऱ्याच्या पायरीवर एक पाय ठेवून चढ-उतर करणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, हे सगळे घरात होते. हाताचे व्यायाम सोडू नयेत, कारण वेणी घालताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना जो दम लागतो तो हात वर उचलल्याचा असतो. भार वाढवत नेणे हे यातले मूळ तत्त्व आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा विसरले जाते.

इथे बायका एक रास्त प्रश्न विचारतात. आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला? या प्रश्नाला मी कधी हसण्यावारी नेत नाही. पण त्यांच्यासोबत बसून दिवस उलगडला की वेगळे चित्र दिसते. विडी वळणारी बाई सात-आठ तास मांडी घालून एका जागी बसलेली असते. बोटे भराभर चालतात, पण मांडीच्या स्नायूवर काहीच भार येत नाही. स्वयंपाक, भांडी, झाडलोट यांत शरीर हलते, तरी भार रोज तोच आणि तेवढाच राहतो, आणि आजार वाढेल तसतशी जड कामे सुना-मुली हातातून काढून घेतात. हे सगळे मायेपोटीच होते. “आत्या, तुम्ही बसा, मी आणते” असे म्हणून कळशी काढून घेणारी सून वाईट नसते. घरातल्यांना कोणी सांगितलेलेच नसते की अर्धी कळशी आत्यांनाच आणू देण्यात त्यांचे भले आहे. म्हणून मी रुग्णासोबत घरातले एक माणूस आणायला सांगते, आणि व्यायाम त्या माणसाकडूनही करवून घेते. शेतमजुरीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांचे प्रकरण उलट असते. त्यांना कष्ट भरपूर असतात पण पोटात अन्न अपुरे असते, त्यांना व्यायामाआधी ताट भरून हवे आणि काम टप्प्याटप्प्याने करता यायला हवे.

आणखी एक अडचण बायका सहजी बोलत नाहीत. वर्षानुवर्षे खोकल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि खोकताना, उठताना किंवा भराभर चालताना लघवीचे थेंब सुटतात. त्या लाजेने कितीतरी बायका फिरायला जाणे, लग्नकार्याला जाणे बंद करतात, आणि घरच्यांना वाटते की दम लागतो म्हणून जात नाहीत. यावर उपाय आहे. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळले जातात ते आवळून काही सेकंद धरणे आणि सोडणे, असे दिवसातून काही वेळा करायचे, आणि खोकला येतो आहे असे वाटताक्षणी आधी ते स्नायू आवळून मग खोकायचे. काही आठवड्यांत फरक पडू लागतो. बाई तपासणाऱ्याने हा प्रश्न आपण होऊन विचारला पाहिजे, तिच्या सांगण्याची वाट पाहू नये.

औषधांबाबतही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके घेत असताना टाचेच्या वरची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर) दुखू लागली किंवा सुजली, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधांनी ती शीर कमकुवत होऊन तुटू शकते, आणि वय साठीच्या पुढे असेल किंवा सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. आयसोनियाझिड किंवा लिनेझोलिड या क्षयरोगावरच्या औषधांमुळे तळपायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर चालण्याआधी तोल तपासावा लागतो. बेडक्यातून रक्त पडणे, ताप असणे, छातीत दुखणे, चक्कर येणे, किंवा व्यायाम करताना ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी व्यायाम करू नये. क्षयरोग अजून संसर्गजन्य अवस्थेत असेल तर गटात व्यायाम नको, आणि ब्राँकिएक्टेसिसचे रुग्णही एकमेकांच्या अगदी जवळ बसून कफ काढणार नाहीत याची काळजी आम्ही घेतो, कारण काही चिवट जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

खाण्याशिवाय स्नायू भरत नाही. निरोगी प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी धरतात. जुनाट आजार असलेल्या वयस्क माणसासाठी तज्ज्ञ १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात. ४५ किलो वजनाच्या बाईला म्हणजे निदान ५४ ग्रॅम. ज्वारीची भाकरी, आमटीची वाटी, मूठभर शेंगदाणे, दूध, दही, आणि चालत असेल तर रोज एक-दोन अंडी, एवढ्यावर तो आकडा गाठता येतो. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारून घ्यावे. एकदम पोटभर जेवल्याने दम लागतो, म्हणून थोडे थोडे चार-पाच वेळा खावे आणि व्यायामानंतर तासाभरात काहीतरी पोटात जावे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासात क्षयरुग्णांना शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण ही मदत उपचार चालू असेपर्यंतच मिळते, आणि औषधे संपतात त्या दिवशी मांड्या भरलेल्या नसतात. माझे स्पष्ट मत आहे, की क्षयाचा उपचार पूर्ण होताना बेडक्यासोबत उठण्याची आणि चालण्याची चाचणीही झाली पाहिजे आणि जो त्यात मागे पडेल त्याला पुढच्या दोन-तीन महिन्यांचा व्यायाम आणि आहार मिळाला पाहिजे. यासाठी नवे रुग्णालय लागत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट बसला तरी खूप काम होईल.

आपल्या हवामानाप्रमाणे व्यायामाची जागा आणि वेळ बदलावी लागते. शहरात टिळकवाडीचे व्हॅक्सिन डेपो मैदान आहे, झाडी आहे, रस्ता सपाट आहे, बसायला जागा आहे. गावात शाळेचे पटांगण चालते. थंडीत पहाटे धुके, चुलीचा आणि पाचटाचा धूर जमिनीलगत रेंगाळतो, तेव्हा पहाटे फिरण्याचा नेम मोडून ऊन वर आल्यावर निघावे. गुऱ्हाळे सुरू झाली की त्या बाजूचा रस्ता टाळावा. आणि जून लागला की जांबोटी-कणकुंबीकडे महिनेच्या महिने बाहेर पाऊल टाकता येत नाही. तिथल्या रुग्णांना मी सोप्याची लांबी पावलांनी मोजायला लावते आणि किती फेऱ्या म्हणजे किती मीटर हे भिंतीवर खडूने लिहून ठेवायला सांगते. पावसाळ्यात व्यायाम सुटला की दिवाळीला माणूस पुन्हा पहिल्या जागी येतो, हे पाहून ही पद्धत पाडली.

सातत्याबद्दल पुरावाही तेच सांगतो. ऑस्ट्रेलियात ८५ ब्राँकिएक्टेसिस रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या व्यायामाने त्यांचे चालणे सुधारले, दम आणि थकवा कमी झाला, आणि पुढच्या वर्षभरात आजार उफाळण्याचे प्रसंगही कमी आले. पण व्यायामाची शिकवणी संपल्यावर चालण्यातला फायदा सहा महिन्यांनी टिकलेला नव्हता. म्हणून मी आठ आठवड्यांनी कोणाला निरोप देत नाही. महिन्यातून एकदा फोन करते, उठण्याची चाचणी घरी घ्यायला लावते आणि आकडा विचारते. आकडा घसरला असेल तर का, हे लगेच विचारता येते. त्या मावशी आता पायरी चढून बसमध्ये बसतात, दांडा धरून चढतात, आणि तेवढे मला पुरेसे आहे.

सर्वांत नाजूक काळ असतो तो आजार उफाळल्यानंतरचा. कफ वाढला, रंग बदलला, ताप आला, प्रतिजैविके सुरू झाली, की घरातले सगळे रुग्णाला अंथरुणात ठेवतात आणि नंतरही महिनाभर उठू देत नाहीत. ताप असेपर्यंत विश्रांती योग्यच आहे, पण त्या दिवसांतही जेवायला उठून बसावे, न्हाणीपर्यंत स्वतः जावे, आणि अंथरुणात पडल्या पडल्या गुडघा सरळ करून मांडी आवळण्याचा व्यायाम दर दोन-तीन तासांनी करावा. ताप उतरून दोन दिवस झाले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की आजारापूर्वी जेवढे चालत होतो त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी, खुर्चीवर पुन्हा उशी ठेवावी, आणि दोन ते तीन आठवड्यांत जुन्या आकड्यापर्यंत यावे. तोपर्यंत येता आले नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला भेटावे, आणि जाताना दोन्ही आकडे, आजारापूर्वीचा आणि आताचा, कागदावर लिहून न्यावेत.